रंगाऱ्याने भरलेली जागा

इद्रिस रंगारी मुळात फार आगाऊ माणूस. वाईट नाही हं, आगाऊ. नंदुरबारात कुणाच्या लग्नात भाजीला मीठ कमी पडलं, तर आचाऱ्याच्या आधी ते यालाच कळायचं आणि कुणी विचारलेलं नसताना हा ते भर पंगतीत सांगायचा. रंगार गल्लीत त्याचं कापड छापायचं काम. सागवानी ठसे, रंगाची गादी, लांबलचक पाट आणि त्यावर ताणून पसरलेलं लुगडं. बाप छापायचा, आजा छापायचा, हाही छापायचा. ठसा रंगात टेकवला, कापडावर ठेवला, वरून मुठीनं ठोकला, की वेल चार बोटं पुढे सरकली. एका लुगड्याला हजार-बाराशे ठोके. त्यातला एक जरी केसभर हलला तरी हा दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायचा नाही, असं त्याची बायको जन्नतबी सांगायची.

आणि या धंद्याची म्हणून एक सवय असते, ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. कधी ठशाला रंग कमी लागतो, कधी कापडाला घडी पडते, आणि नक्षीत एक पांढरी जागा राहून जाते. मग रंगारी बांबूची काडी चेचून तिचं टोक मऊ करतो, रंगात बुडवतो आणि बाजूच्या बुट्टीकडे बघत ती जागा भरून काढतो. इतकी बेमालूम, की दुसऱ्या रंगाऱ्यानंसुद्धा ओळखू नये. इद्रिसचा हात यात सगळ्या गल्लीत वरचढ. गिऱ्हाईकाला पांढरी जागा दिसली तर ती इद्रिसला शिवी वाटायची.

तर हा कापडाचा माणूस दगडांच्या नादाला कसा लागला, ते ऐका. साल एकोणीसशे अकरा. शहाद्याकडचा बाजार आटोपून गाठोडं डोक्यावर घेऊन इद्रिस परत येत होता. वाटेत एका गावच्या बारवेवर पाणी प्यायला उतरला, तर पायरीवर दोधू मास्तर बसलेले. मराठी शाळेचे हेडमास्तर, डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर वही. बारवेच्या भिंतीत एक अक्षरांचा दगड होता आणि मास्तर त्यातलं एकेक अक्षर बघून पेन्सिलीनं उतरवून घेत होते. सकाळपासून दोन ओळी झाल्या होत्या.

"मास्तर, यासाठी दिवस घालवता?" इद्रिस म्हणाला. "आपल्याकडे द्या. एका ठोक्याचं काम."

"एका ठोक्याचं?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "बरं, ठोका."

झालं! इद्रिसनं गाठोडं सोडलं, त्यातून काळ्या रंगाची डबी काढली आणि मास्तर हां हां म्हणेपर्यंत सबंध दगडाला रंग फासला. त्याच्या हिशेबी दगड म्हणजे मोठा ठसाच. ठशाला रंग लावायचा, वरून कागद दाबायचा, संपलं. कागद उचलला तर सगळी अक्षरं उलटी! आरशात बघितल्यासारखी. वर तो काळा ओघळ बारवेच्या पाण्यात उतरला आणि घागरी घेऊन आलेल्या बायकांनी जो काही उद्धार केला, तो इद्रिसला म्हातारपणीही पाठ होता. मास्तर आणि तो, दोघं मिळून संध्याकाळपर्यंत तो दगड नारळाच्या शेंडीनं घासत बसले.

दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. पण इद्रिसला हार कसली ती माहीत नव्हती. घासता घासताच त्यानं मास्तरांकडून काढून घेतलं, की पुण्याकडची जाणकार माणसं रंग दगडाला लावत नाहीत, कागदाला लावतात. एवढा धागा त्याला पुरला. महिनाभर तो घरच्या जात्याला घातलेल्या टाकीच्या खुणांवर, उंबऱ्याच्या नक्षीवर, जन्नतबीच्या पाट्यावरवंट्यावर प्रयोग करत सुटला. चटणीला काजळीचा वास येतो म्हणून तिनं त्याला वाडगं फेकून मारलं, तेव्हा कुठे थांबला. पण तोवर काम साधलं होतं.

त्याची रीत अशी. एरंडोलचा हातकागद, जाडसर पण मऊ. तो पाण्यात भिजवायचा आणि धुऊन स्वच्छ केलेल्या दगडावर अलगद अंथरायचा, मधून कडेकडे. मग घोड्याच्या केसांच्या कुंच्यानं वरून थापटायचं, थापटत राहायचं, कागद प्रत्येक रेघेत उतरेपर्यंत. मग बसून राहायचं. इथेच लोक चुकतात, इद्रिस म्हणायचा. कागद फार ओला असला तर शाई पसरते, फार सुकला तर दगड सोडून वर येतो. गालाला लावून थंड वाटला पण बोटाला ओल लागली नाही, की ती वेळ. तेव्हा काजळी आणि धावड्याचा डिंक घोटून केलेली शाई कापसाच्या पोटलीला लावायची आणि कागदाच्या पाठीवरून नुसती टेकवत जायची. दगडाचा वर असलेला भाग काळा होतो, कोरलेली रेघ पांढरी राहते. कागद सोलून काढला, की सबंध दगड हातात येतो. सुलटा, होता तेवढाच, एक तसू कमी नाही की जास्त नाही.

त्या बारवेच्या दगडाचा असा ठसा त्यानं मास्तरांपुढे टाकला, तेव्हा मास्तरांनी आपली वही उघडून शेजारी धरली. त्यांनी डोळ्यांनी उतरवून घेतलेल्या दोन ओळींत एका राजाचं नाव होतं. ठशात तिथे साधी चीर निघाली. राजा नव्हताच तिथे. मास्तरांना तो हवा होता म्हणून दिसला होता.

"इद्रिसभाई," मास्तर म्हणाले, "डोळा आपल्या मनातलं बघतो. हा कागद दगडातलं बघतो. तुम्ही माझी अब्रू वाचवलीत."

एवढं कौतुक इद्रिसचं कुणी बापजन्मी केलं नव्हतं. तिथून पुढे पंचवीस वर्षं, लग्नसराई आटोपली की दोघं निघायचे. मास्तरांच्या पिशवीत वही, इद्रिसच्या खांद्यावर कागदाची नळी. देवळांच्या चौकटी, विहिरींचे दगड, फारसी अक्षरांच्या कबरी, सतीचे हात, जुन्या दारांवरची नक्षी, काही सोडलं नाही. पुजारी अडवायचे, मुल्ला अडवायचे, पाटील अडवायचे. इद्रिस कुणाशी भांडायचा नाही. तो त्यांच्याच दाराच्या कडीचा किंवा अडकित्त्याचा एक झकास ठसा काढून हातात द्यायचा. मग तेच लोक पाण्याची बादली घेऊन मदतीला यायचे. बासष्ट ठसे जमले. धुळ्याच्या इतिहासाच्या मंडळीत मास्तर त्यावर निबंध वाचायचे, आणि तिथले वकील-पंडित म्हणायचे, नंदुरबारच्या रंगाऱ्याचा ठसा आहे ना, मग दगड बघायला जायची गरज नाही. हे वाक्य मास्तरांनी येऊन सांगितलं, तेव्हापासून इद्रिसची मान जी ताठ झाली ती पगडी बांधणाऱ्यालाही वाकवता येईना.

आता दिवाल्याच्या पाड्याची गोष्ट.

खापरच्या पुढे डोंगराकडे तीन कोसांवर हा भिलांचा पाडा. ज्यानं जंगल तोडून पहिली झोपडी बांधली त्या दिवाल्याच्या नावानं पाड्याचं नाव. पाड्याच्या वेशीवर मोहाच्या झाडाखाली त्याचा दगड उभा होता, कमरेइतका. वर चंद्र-सूर्य. खाली डाव्या अंगाला दिवाल्या, हातात धनुष्य, कमरेला बाण. उजव्या अंगाला काही नाही, नुसता खोलगट खड्डा. सन अठ्ठावीसच्या हिवाळ्यात मास्तर आणि इद्रिस तिथे पोहोचले, तेव्हा दगडाची मालकीण म्हणावी अशी एकच बाई होती, कालीबाई. दिवाल्याच्या वंशात दिलेली, साठीची, काटक, तोंडानं फटकळ. दगडावरचा शेंदूर तिनं स्वतः तेलानं पुसून दिला. ओला कागद दगडावर चढला तशी ती काळजीनं म्हणाली, "आज्याले थंडी नही वाजनार ना?"

"नही वाजनार, माय," इद्रिस म्हणाला. "घटकाभरनं काम शे."

मास्तरांना त्या दिवशी हिवताप भरला होता. ते गाडीत घोंगडी पांघरून पडून राहिले, दगडाकडे धड बघूही शकले नाहीत. इद्रिसनं एकट्यानं ठसा घेतला. सुरेख उतरला. फक्त उजवीकडे त्या खड्ड्यात कागद बसेना, थापटला तर फाटायला आला, म्हणून त्यानं तेवढी जागा तशीच सोडली. काळ्या कागदावर वितीएवढं पांढरं भगभगीत टक्कल.

नंदुरबारला येऊन त्यानं ठसा पाटावर पसरला आणि ते टक्कल त्याला बघवेना. तो उठला, फिरून आला, पुन्हा बघितलं. इकडे धनुर्धारी, तिकडे काही नाही? असं कसं असेल? उभ्या जन्मात त्यानं एकटी बुट्टी छापली नव्हती. मोर असला तर समोर मोर, कोयरी असली तर समोर कोयरी. दगड फुटला असणार, त्यानं ठरवून टाकलं. इथे दुसरा माणूस असणारच. एका कागदावर त्यानं दिवाल्याची आकृती गिरवली, कात्रीनं कापली, उलटी करून त्या पांढऱ्या जागेवर ठेवली आणि भोवतीनं पोटली टेकवली. पान चघळून होईपर्यंत काम झालं. आकृती उचलली, तर दुसरा धनुर्धारी पहिल्याकडे तोंड करून उभा! दगडाचा खडबडीतपणासुद्धा जसाच्या तसा. इद्रिस स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरलेले मास्तर आले, आणि ठसा बघताच ओरडले, "अहो, दोन भाऊ! दोघे भाऊ लढताना पडले! असा दगड या भागात दुसरा नाही, इद्रिसभाई!"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडायला काय जात होतं? पण मास्तरांचा चेहरा पोरासारखा फुलला होता, आणि इद्रिसला वाटलं, जाऊ दे, असेलही दुसरा भाऊ. त्यानं सांगितलं नाही. पुढे आठ वर्षं सांगितलं नाही. मास्तर कुठेही गेले की त्या दोन भावांचं सांगायचे, आणि इद्रिस तेवढ्यात तंबाखू मळायला घ्यायचा. ठसा घ्यायला जायचं मात्र दोघांनी सोडलं नाही, आणि त्यानंतरच्या एकाही कागदावर त्यानं काडी टेकवली नाही. बाकी सगळ्या बाबतींत छातीठोक बोलणारा माणूस या एका ठशाचं नाव निघालं की गप्प, हे जन्नतबीच्या लक्षात आलं होतं. तिनं विचारलं तर म्हणाला, "दात दुखतो."

सन छत्तीसच्या मार्गशीर्षात मास्तर तोच ठसा घ्यायला इद्रिसकडे आले. पंधरा दिवसांनी धुळ्याला मोठी सभा होती, बाहेरगावचे विद्वान येणार होते, आणि मास्तरांचा निबंध होता दिवाल्याच्या पाड्यावरच्या दोन भावांवर. नंतर तो छापूनही निघणार होता. मास्तरांनी कागद पाटावर पसरला होता आणि ते काठीनं दाखवत भाषणाची तालीम करत होते. एवढ्यात दारात कालीबाई उभी. मागे तिचा मुलगा सुरुपसिंग. दोघं पाड्यावरून चालत निघून तिसऱ्या दिवशी पोहोचले होते.

जन्नतबीनं पाणी दिलं. कालीबाई बसली, पण पाणी प्यायली नाही.

"भाऊ, आमना आजा फोडी टाका," ती म्हणाली.

सुरुपसिंगनं सगळं सांगितलं. खापरकडून सडक येते आहे. ओढ्यावर मोरी बांधायला दगड कमी पडला. पाड्यातली सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली. ठेकेदाराच्या गवंड्यांनी वेशीवरचा दगड उचलला, घणानं चार तुकडे केले आणि चुन्यात बसवून टाकले. त्यांना वाटलं, रानातला दगड. मोरी खोदून काढायची तर सरकारी काम, हात लावता येत नाही.

"आते होळी येई," कालीबाई म्हणाली. "आजाले मोहाना दारूनी धार कोठे सोडूत आमी? तू त्या दिन कागदवर आजाले उतारी लिना व्हता. तो कागद दे. रेवजी पाथरवट नवा दगड घडी देवाले तयार शे. जसा व्हता तसा."

एरवी इद्रिस काय फुशारला असता! दगड गेला, पण इद्रिसचा ठसा आहे. तेवढाच, तसाच, रेघ न् रेघ. कुणा विद्वानाच्या वहीतून दगड परत उभा करता आला असता का? अख्ख्या खानदेशात त्याच्या कागदाशिवाय दिवाल्या आता कुठेच उरला नव्हता. आणि नेमक्या त्याच कागदावर त्याची थाप होती. कुठला भाग दगडाचा आणि कुठला त्याच्या हाताचा, हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

"घ्या ना, हा बघा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी म्हातारीला हात धरून पाटापाशी आणलं.

कालीबाई वाकली. दिवाल्याला बघून तिनं हात जोडले. मग तिचं बोट उजवीकडे सरकलं.

"हाऊ कोन?"

"त्याचा भाऊ," मास्तर म्हणाले.

"दिवाल्याले भाऊ नव्हता."

"आहे की, बघ ना. दगडातच आहे."

म्हातारी बघत राहिली. मग मुलाकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "कागदवर शे म्हनजे व्हई रे. मन्ही सासूनी सांगं नही माले. का आमीच इसरी गऊत."

हे मात्र इद्रिसला सहन झालं नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या दगडाला शेंदूर लावला, ती स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या कागदावर विश्वास ठेवून आपल्याच आठवणीला खोटं पाडत होती.

"तू काही इसरनी नही, माय," तो म्हणाला. "हाऊ मी काढेल शे."

मास्तरांची काठी हवेतच राहिली.

"पांढरी जागा राहिली होती," इद्रिस म्हणाला. आता बोलायचंच तर सरळ बोलायचं, हा त्याचा स्वभाव. मान खाली घालून पुटपुटणं त्याला जमलंच नसतं. "दगड फुटला असं मी समजलो. रंगाऱ्याचा हात आहे, भरून टाकली. आठ वर्षं तुम्हाला सांगितलं नाही, मास्तर, ते त्याहून वाईट केलं. दुसरा भाऊ नाही. कधीच नव्हता."

दोधू मास्तर शाळेत आणि सभेत शुद्ध बोलायचे. संतापले की घरची बोली बाहेर यायची. "आरे काय करं तू हाई!" ते ओरडले. "पंधरा दिनवर सभा शे! आते मी लोकेसले काय सांगू? एक खोटा निंघना, आते बाकीना एकसष्ट कोन खरा मानी?"

"कुणी मानू नका," इद्रिस म्हणाला. "मी म्हणतो म्हणून तर मुळीच मानू नका. एकसष्ट दगड जागेवर उभे आहेत. कागद घ्या, जा आणि लावून बघा. एका जरी कागदात माझ्या काडीची एक रेघ सापडली, तर सगळे चुलीत घाला. मी स्वतः फुंकर मारीन."

मास्तर तणतणत उठले. दाराशी गेले, परत आले. इद्रिस कात्री घेऊन तो दुसरा धनुर्धारी कापून टाकायला निघाला होता. मास्तरांनी त्याचा हात धरला.

"खबरदार! कापलंस तर उद्या लोक म्हणतील उंदरानं खाल्लं. आधी भर घातलीस, आता खोडून टाकतोस? कागद आहे तसाच राहील. त्याच्यावर लिही. तुझ्या हातानं."

इद्रिसला बाळबोध जेमतेम यायचं. त्यानं जमिनीवर बसून, जीभ दातात धरून, त्या खोट्या धनुर्धाऱ्याच्या पायाशी लिहिलं: हा मी काढला. दगडात नाही. इद्रिस रंगारी, नंदुरबार. सात-आठ शब्द लिहायला त्याला एका लुगड्याइतकी मेहनत पडली.

लिहून झाल्यावर त्यानं कालीबाईला विचारलं, "माय, मंग तठे काय व्हतं? काय फुटनं व्हतं?"

कालीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. एवढं साधं या शहाण्या माणसांना कसं कळत नाही, असा तिचा चेहरा.

"फुटनं? काही फुटेल नव्हतं," ती म्हणाली. "तठे आमी शेतस. घरमा नवी सून उनी की ती आंगठा दाबस. पोर जन्मनं की त्याना आंगठा दाबतस. होळीले सगळा दाबतस, मंग धार सोडतस. दिवाल्या आठे, आन् त्याना समोर आमी. इतला वरीस दाबी दाबी खड्डा पडना ना भाऊ."

इद्रिसनं हात पुढे करून त्या खोट्या धनुर्धाऱ्यावरून अंगठा फिरवला. पाच-सहा पिढ्यांनी अंगठ्यांनी झिजवून घडवलेली जागा त्यानं अर्ध्या घटकेत बुजवून टाकली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. जन्नतबीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि सगळ्यांना भाकरी वाढली.

मास्तर मात्र खरोखरच दगड तपासायला निघाले. एकसष्टांपैकी नऊ ठसे त्यांनी डोळे मिटून उचलले, भाड्याची गाडी केली आणि बारा दिवस गावोगाव हिंडून एकेक कागद त्याच्या दगडावर लावून बघितला. परत आले ते धुळीनं पांढरे होऊन. रंगार गल्लीत शिरता शिरताच त्यांनी हाक मारली, "इद्रिसभाई, नऊचे नऊ खरे!" सभेत त्यांनी दोन भावांचा निबंध वाचला नाही. तो ठसा भिंतीवर लावला, खालची ओळ मोठ्यानं वाचली, आणि ठसा घेणाऱ्यानं काय करू नये यावर तासभर बोलले. लोकांनी नाकं मुरडली, काही हसले. शेवटी एका म्हाताऱ्या वकिलानं उठून विचारलं, की हे लिहिणारा माणूस आणखी ठसे घेणार असेल तर आमच्या गावी कधी येईल?

होळीच्या आठ दिवस आधी इद्रिस पाड्यावर गेला. रेवजी पाथरवटानं दगड कापून, घासून, मोहाखाली आडवा ठेवला होता. इद्रिसनं ठशावरून दुसऱ्या कागदावर फक्त दगडाच्या रेघा उतरवून आणल्या होत्या, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडली होती. कागद दगडावर ठेवून वरून गेरूची पुरचुंडी आपटली, की चंद्र, सूर्य, धनुष्य, बाण सगळं लाल ठिपक्यांत दगडावर उतरलं. रेवजीची छिन्नी चार दिवस चालली. दिवाल्या उभा राहिला. बायका येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, हाऊच शे, हाऊच!

मग उजव्या बाजूची वेळ आली. रेवजीनं विचारलं, "खड्डा किती खोल?"

इद्रिस कागदाकडे बघत राहिला. लांबी होती, रुंदी होती. खोली नव्हती. त्याचा एवढा अचूक, एवढा खरा ठसा, त्याला खोली सांगता येत नव्हती. "ते माझ्या कागदात नाही," तो म्हणाला.

"मन्हामा शे," कालीबाई म्हणाली आणि तिनं अंगठा पुढे केला.

रेवजीनं थोडं खणलं. म्हातारीनं डोळे मिटून त्यात अंगठा ठेवला, मान हलवली. "आजून." रेवजीनं आणखी खणलं. "आजून." पाड्यातली माणसं गोळा झाली. रेवजी पुटपुटला, की चाळीस वर्षांत दगड घडवले पुष्कळ, झिजवायला कुणी बोलावलं नव्हतं. सहाव्या-सातव्या वेळी कालीबाईचा अंगठा आत गेला आणि तिनं तो काढलाच नाही. तशीच बसून राहिली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की जागा सापडली.

मग तिनं मुलाला बोलावलं, सुनेला बोलावलं, नातवंडांना बोलावलं. एकेकानं दाबलं. सगळ्यांचं झाल्यावर तिनं मागे उभ्या असलेल्या इद्रिसला हाक मारली.

"मी कसा, माय? मी तुमना कोन?"

"त्याले तूच परत लयना ना? ये. दाब."

इद्रिस गुडघ्यांवर बसला आणि त्यानं अंगठा टेकवला. नवी छिन्नी लागलेला दगड, खरखरीत, काट्यासारखा.

"टोचस," तो म्हणाला.

"टोचूच दे," कालीबाई म्हणाली. "शंभर वरीसमा गुळगुळीत व्हई. पन दरसाल येवाले पडी."

आणि तो गेला. पुढची दहा वर्षं, काठी टेकत चालायची वेळ आली तरी, दर होळीला इद्रिस रंगारी खापरपर्यंत गाडीनं आणि तिथून तीन कोस पायी जात राहिला.